भंगारखोलीतली काळी सायकल

शनिवारी सकाळी सातला दहा कमी असताना अंजनाची हाक थेट टाइम ऑफिसपर्यंत आली.

"मालिनीताई, माझी सायकल नाहीये!"

मालिनी हातातला चहा टेबलावर ठेवून निघाली. आनंदनगर एमआयडीसीतल्या या कपाटांच्या कंपनीत ती तेवीस वर्षं हजेरी सांभाळत होती. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, हे बघता बघता तिला एक खोड लागली होती. माणूस समोर आला की आधी त्याचा संशय घ्यायचा, मग त्याला चहा विचारायचा. खोड चांगली नव्हती, पण नोकरीला सोयीची होती.

सायकलींची खोली कारखान्याच्या मागच्या अंगाला होती. पूर्वी कामगार गेटबाहेर सायकली लावायचे आणि दर महिन्या-दोन महिन्याला एखादी गायब व्हायची. शेवटी पॅकिंगमधल्या अंजनानेच सह्या गोळा केल्या. चार महिन्यांपूर्वी कंपनीने भंगारखोली रिकामी करून सायकलींना दिली. ग्रिलचं दार, त्याला कुलूप आणि कुलपाची चावी गेटवरच्या सुदामच्या खिशात. तेव्हापासून एकही सायकल गेली नव्हती.

आता विसातली एक गेली होती, तीही बंद कुलपातून.

सुदाम दाराशीच उभा होता. "ताई, मी आत्ता माझ्या हाताने कुलूप उघडलं. जसंच्या तसं होतं."

"कुलूप नवीन ना?"

"नाही, हे जुनंच आहे. दाराबरोबरच आलं. साहेब म्हणाले, चालू आहे तर बदलायचं कशाला."

मालिनी आत शिरली. बुधवारी खंडेनवमीची पूजा झाली होती. प्रत्येक सायकलीच्या हँडलला सुकलेली झेंडूची माळ आणि मधल्या दांडीवर हळदकुंकवाची बोटं होती. पूजा झालेल्या वस्तूला दसऱ्यानंतर पहिली पाळी सुरू होऊन नारळ फुटेपर्यंत हात लावायचा नाही, असा या कंपनीतला दंडक होता. म्हणून बुधवारी सगळे सायकली इथेच ठेवून घरी गेले होते. गुरुवारी दसरा, शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी.

तिने सायकली मोजल्या. एकोणीस. त्यात जितेशची गिअरवाली होती. ती घेतल्यावर त्याने सगळ्या डिपार्टमेंटला पेढे वाटले होते. चार जुन्या काळ्या दांडीवाल्या होत्या. गेलेली पाचवी दांडीवाली अंजनाची होती, तिच्या वडिलांची.

"अशी खटारा कोण नेईल गं?" मालिनीने विचारलं.

"खटारा असेल, ताई. पण पालेगावहून सकाळी सहाला मला रिक्षा कोण देणार? आणि माझ्या बापाने सीटखाली आपलं नाव ठोकून घेतलं होतं." अंजनाचे डोळे भरून आले.

"तूपण पूजेसाठीच ठेवली होतीस?"

"नाही. आमच्यात खंडेनवमी नाही करत. मी बुधवारी इथूनच नागपूरला गेले, दीक्षाभूमीला. धर्मराजसाहेब कुंकवाचं ताट घेऊन आले, तेव्हा त्यांना हात जोडून सांगितलं, माझ्या सायकलीला नको. ते काही बोलले नाहीत. आज पहाटे कल्याणला उतरले ती सरळ इकडेच आले."

"सुदामवर तुझा संशय आहे?"

अंजना घुटमळली. सुदाम तिच्याच वस्तीतला होता. दोघांचे डबे एकत्र उघडायचे.

"सुदामदादा असं करणार नाहीत," ती हळू आवाजात म्हणाली. "पण चावी तर त्यांच्याकडेच होती ना."

सुदामने ते ऐकलं.

विनीतसाहेब नऊ वाजता बदलापूरहून आले. मॅनेजर होऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं आणि त्यांना प्रत्येक गोष्ट जेवणाच्या सुट्टीआधी मिटवायची असायची. गेटचा कॅमेरा गणपतीपासून बंद. गुरुवारी दिवसभर गेटवर सुदाम एकटा. चावीही त्याच्याकडे. वर त्याच्या मेहुण्याचं उल्हासनगरला सायकल दुरुस्तीचं दुकान. साहेबांना एवढं पुरेसं होतं.

"मालिनीताई, रिपोर्ट लिहा. साडेतीनपर्यंत सायकल मिळाली नाही तर हा माणूस कॉन्ट्रॅक्टरकडे परत आणि नाव पोलिसांत. ती खोलीपण बंद करून टाकू, डोक्याला ताप नको."

मालिनीने रिपोर्ट लिहिला. संशयिताच्या जागी सुदामचं नाव घातलं. खरं सांगायचं तर तेव्हा तिलाही तसंच वाटत होतं. दहा वाजता सुदामची पिशवी आणि डबा सगळ्यांसमोर गेटवर उघडून पाहिला. डब्यात सायकल कुठून येणार? पण एकदा शोधायला निघालं की माणसाला काही सुचत नाही.

मग सगळा कारखाना पालथा घातला. छतावर, टाकीमागे, पॅकिंगच्या खोक्यांत. सायकल कुठेच नव्हती.

मालिनीने एकेकाला टाइम ऑफिसमध्ये बोलावलं. शुक्रवारी दिवसा गेटवर असलेला महिपती आधी आला.

"काल कोण कोण आलं?"

"दोघंच. कोटिंगचा रघु, रंग भाजायचा ओव्हन साफ करायला. आणि स्टोअरचे धर्मराजसाहेब स्टॉक बघायला."

"जाताना?"

"रिकाम्या हातांनी गेले. मी बघितलं ना. गेटमधून सायकल तर सोडा, साधा टायर गेला नाही."

"कुणाकडे खोलीची चावी होती?"

"माझ्याकडे तर नव्हती. सुदाम ती घरी घेऊन जातो."

रघु हात पुसत आला.

"काल किती वेळ होतास?"

"दहा ते एक. जास्त काम झालंच नाही. ओव्हनचं दार उघडायला गेलो, तर धर्मराजसाहेब कसले भडकले! म्हणे, कुंकू लावलंय, दिसत नाही का? नारळ फुटायच्या आधी हात लावशील तर बघ. मग बाहेरून झाडू मारला आणि निघालो."

"साहेब तुझ्या आधी गेले?"

"नाही, ते थांबले होते. मशीनच्या जाळ्यांना पिवळा रंग मारायचाय म्हणाले. हातात डबा होता."

"मशीनच्या जाळ्यांना कुंकू नव्हतं लावलेलं?"

रघुने डोकं खाजवलं. "ते काय मी विचारलं नाही, ताई. आधीच शिव्या खाल्ल्या होत्या."

शेवटी धर्मराज आले. पन्नाशीचे, कपाळावर गंध, कमरेला चाव्यांचा जुडगा. बावीस वर्षं स्टोअर त्यांच्याकडे होतं. भंगारखोलीही चार महिन्यांपूर्वीपर्यंत त्यांच्याकडेच होती.

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय," ते खुर्चीत बसत म्हणाले, "सायकलींसाठी खोली म्हणजे चोराला आमंत्रण. भंगार होतं तेव्हा काही गेलं का?"

"खोलीची जुनी चावी तुमच्याकडे होती का?"

"होती. खोली देताना सुदामला दिली. सगळ्यांसमोर."

"काल कशाला आला होतात?"

"स्टॉक बघायला. सही आहे माझी गेटवर." ते उठले. "ताई, माणूस गरीब आहे, मला पण वाईट वाटतं. पण चूक ती चूक."

एवढी माया धर्मराजांनी आजवर कुणावर दाखवली नव्हती. मालिनीला ते खटकलं.

एक वाजता तिला हजेरीचे कागद घेऊन पलीकडच्या प्लॉटवर जायचं होतं. अशा कामासाठी कंपनीच्या पिवळ्या सायकली स्टोअरजवळच्या पत्र्याखाली उभ्या असत. जुन्या, दांडीवाल्या. ज्याला गरज पडेल त्याने घ्यायची आणि परत आणून लावायची. त्यांना ना कुलूप ना मालक. तिने कडेची सायकल ओढली आणि तिच्या ओढणीला पिवळा डाग लागला.

मालिनी थांबली. हँडलच्या सांध्यात रंगाचा जाड थर अजून चिकट होता. तिथे झेंडूची एक पाकळी रुतून बसली होती. माळ हँडलला लटकत होती. दांडी मात्र कोरीच होती.

तिने बाकीच्या पाच पाहिल्या. एक पलीकडच्या प्लॉटवर गेली होती, ती परत येईपर्यंत थांबून तीही पाहिली. त्या सगळ्यांच्या दांडीवर कुंकू होतं. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं, "पिवळ्या सायकली एकूण किती रे?" एक म्हणाला पाच. दुसरा म्हणाला सात-आठ तरी असतील. पूजेच्या माळा करणाऱ्या मधूला तिने मुद्दाम गाठून विचारलं.

"पिवळ्यांना सहा माळा दिल्या, ताई. मीच ओवल्या. उरलेल्या स्टोअरमध्ये ठेवल्यात."

मालिनी कागद न देताच परत फिरली. तिने सकाळचं कुलूप मागून घेतलं.

अडीच वाजता विनीतसाहेबांच्या केबिनमध्ये सगळे जमले. सुदाम, अंजना, रघु, धर्मराज. मालिनीने ती पिवळी सायकल ढकलत आत आणली.

"हे काय? कंपनीची सायकल इथे कशाला?" साहेब वैतागले.

"कंपनीच्या सहा आहेत, साहेब. बाहेर सहा उभ्या आहेत. ही सातवी."

तिने सायकल अंजनापुढे उभी केली.

"आपण सकाळपासून विचारतोय, सायकल बाहेर गेली कशी. ती गेलीच नाही. अंजना, सीटखाली बघ."

मालिनीने खिळ्याने सीटखालचा रंग खरवडला. पिवळ्याखालून काळा निघाला, काळ्यात ठोकलेली अक्षरं निघाली. अंजनाने ती बोटांनी चाचपली.

"बापाचं नाव आहे," ती म्हणाली.

"आता रंगवली कोणी?" मालिनी बोलू लागली. "खोलीत वीस सायकली होत्या. जितेशची महागडी होती, ती तशीच राहिली. म्हणजे विकण्यासाठी चोरी झाली नाही. कंपनीच्या सायकलींत खपून जाईल अशी जुनी दांडीवाली हवी होती. तशा पाच होत्या. चारांवर कुंकू होतं, अंजनाच्या सायकलीवर नव्हतं. चोराने नेमकी बिनपूजेची उचलली. सुदामला किंवा दुसऱ्या कुणाला चोरायचीच असती, तर कुंकू बघून कोण थांबलं असतं? नारळ फुटायच्या आधी पूजेच्या वस्तूला हात लावायची ज्याला भीती वाटते, तोच थांबला."

रघुने हळूच धर्मराजांकडे पाहिलं.

"सगळ्या पिवळ्यांना माळा होत्या, म्हणून त्याने हिलाही एक घातली. स्टोअरमध्ये उरलेल्या होत्याच. पण कुंकू लावायला त्याचा हात धजावला नाही. कुंकू लावणं म्हणजे पूजा. चोरीच्या वस्तूची पूजा करायची हिंमत त्याला झाली नाही."

"हा सगळा तर्क आहे," धर्मराज म्हणाले. "चावी मी दिली आहे."

"एक दिलीत. कुलपाला दोन चाव्या येतात, धर्मराजसाहेब. आणि तुम्ही बावीस वर्षांत एकही चावी टाकून दिलेली मी पाहिली नाही." तिने कुलूप टेबलावर ठेवलं. "जुडगा द्या."

"त्या सगळ्या बिनकामाच्या आहेत..."

"द्या," विनीतसाहेब म्हणाले.

अकराव्या चावीला कुलूप खट्कन उघडलं.

मग धर्मराजांच्या तोंडून सगळं बाहेर आलं. भंगाराच्या ढिगाखाली ते वर्षानुवर्षं कपाटांची नवी हँडलं आणि पितळी बिजागऱ्या दडवत. भंगाराची गाडी आली की माल तिच्यातून जाई. खोली गेली आणि वाट बंद झाली. एक सायकल हरवली की लोक बोंबलतील, सायकली पुन्हा गेटबाहेर जातील, खोली परत मिळेल, एवढाच त्यांचा हिशोब होता. ही सायकलही पुढे भंगार म्हणून काढता आली असती.

"आणि मी?" सुदाम पहिल्यांदाच बोलला. "माझं काय होणार होतं, साहेब?"

तो धर्मराजांसमोर जाऊन उभा राहिला.

"तुम्हाला माझं नाव माहीत होतं. पोरींची नावं माहीत होती. मागच्या महिन्यात माझ्या घरी जेवून गेलात."

विनीतसाहेबांनी घसा खाकरला. "सुदाम, झालं गेलं विसर. जा, ड्युटीवर जा."

"नाही साहेब," सुदाम म्हणाला. "झडती गेटवर झाली, सगळ्या पाळीसमोर. तर तिथेच सांगा. मला केबिनमधलं सर्टिफिकेट नको."

मालिनी पुढे आली. "आणि रिपोर्टवर नाव मी घातलं होतं, सुदाम. तेही मी तिथेच सांगेन. तेवीस वर्षं लोकांवर संशय घेतला, पण एवढी लाज कधी वाटली नव्हती."

साडेतीनला पाळी सुटली, तेव्हा विनीतसाहेब गेटवर उभे राहून बोलले. त्यांना लांबलचक बोलायची सवय होती, पण त्या दिवशी चार वाक्यांतच आटोपलं. त्यांच्यामागून मालिनी बोलली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सकाळी डबा उघडताना पुढे वाकून बघणारे आता खाली बघत होते. मग धर्मराजांना पोलिसांच्या गाडीत बसवलं.

नवीन कुलूप आलं होतं. साहेबांनी चावी सुदामपुढे धरली. त्याने हात पुढे केला नाही.

"साहेब, दाराला दोन कुलपं लावा. दोन माणसांकडे चाव्या द्या. दोघं आले तरच खोली उघडेल. एकाच माणसाकडे चावी असली की चोरी व्हायच्या आधीच चोर ठरलेला असतो."

"बरं. दुसरी कुणाकडे देऊ?"

कुणीच पुढे येईना. प्रत्येकाला आपापल्या घरी जायची घाई झाली होती.

मग ओल्या रंगाने हात पिवळे झालेली अंजना गर्दीतून पुढे आली.

"दुसरी माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "उद्या काही गेलं तर दादांबरोबर माझा पण डबा उघडून बघा."

सुदामने तिच्याकडे पाहिलं आणि साहेबांच्या हातातली चावी घेतली.