पाचवी सुपारी

सकाळी सहाला तळ्याच्या पायऱ्यांवर अकरा माणसं होती, पितळेची एक तपेली, केळ्यांचे दोन घड, उकडलेल्या रताळ्यांची पाटी, पाण्याचा एक जार आणि एक कुत्रा. सुपाऱ्या पंचावन्न असायला हव्या होत्या. चौपन्न होत्या.

हे मला ठाऊक होतं, कारण पंचावन्नावी माझ्या पायाशी होती.

वरच्या पायरीवरून ती टुणटुण उड्या मारत आली आणि माझ्या पाण्याच्या बाटल्यांना अडून थांबली. मी उचलली. सोललेली, गुळगुळीत, थंडगार. वर पाहिलं तर एक मुलगा वाकून एकेक पायरी चाचपत खाली येत होता.

"काही हरवलं का?"

"सुपारी."

"केवढी?"

तो थबकला. "सुपारीएवढी."

मी मूठ उघडली. त्याने सुपारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हातात होती, मग विचारलंत कशाला?"

"तुमचीच आहे का, याची खात्री केली."

"आणि मी नारळाएवढी म्हटलं असतं तर?"

"तर दिली नसती."

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल दुमडायचा, डावा. ही नोंद मी का केली, ते तेव्हा कळलं नाही.

मी चौलला पाणी मोजायला आले होते. माणगावची मी, रसायनशास्त्रात एमएस्सी. आमच्या सरांना किनाऱ्याजवळच्या जुन्या तळ्यांत समुद्राचं मीठ शिरतंय का, ते पाहायचं होतं. त्यासाठी भरती-ओहोटीचा पुरा दिवस तळ्यात दर तासाला मीटर बुडवायचा होता. म्हणजे सकाळी सहा ते दुपारी चार एका पायरीवर बसून राहायचं. त्याच पायरीवर ही मंडळी भेटतील, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

"पोरी, दिवसभर हितंच बसणार हायस?" धर्माजीकाकांनी विचारलं. साठीचे, डोक्याला पंचा, पायात मात्र पोपटी रंगाचे झकास बूट. गावात त्यांची सुपारीची वाडी. ही धाव त्यांनीच सुरू केलेली.

"हो काका, चारपर्यंत."

"मग आमची तपेली सांभाळ. दरसाली आमची गोदूबाई सांभाळते, पन ती लेकीच्या बाळंतपणाला पेणला गेलीय."

नियम त्यांनी एका दमात सांगितले. प्रत्येकाला पाच सुपाऱ्या. तळ्यापासून निघायचं, दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्या चढून उतरायच्या, वाड्यांमधून रेवदंड्याच्या कोटात शिरायचं, तटाबाहेर वाळूत उतरून समुद्राच्या कडेने वळायचं आणि पुन्हा तळ्यावर. दहा किलोमीटर. आलं की तपेलीत एक सुपारी टाकायची. अशा पाच फेऱ्या.

"आणि जिंकतं कोण?"

"कोन न्हाय. पाची टाकल्या त्याचं नाव या पायरीवरून मोठ्यानं पुकारतो. झालं."

"मेडल? सर्टिफिकेट?"

"रताळं."

"आणि कुणी चार फेऱ्या मारून पाच सुपाऱ्या टाकल्या तर?"

अकराच्या अकरा माणसांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळातली घंटा चोरायची गोष्ट काढली. "तसं कोन करत न्हाय," काका म्हणाले. "तपेलीत हाय तेवढंच खरं. माणूस काय बी बोलंल."

पन्नास किलोमीटर. बक्षीस नाही, शर्यत नाही. मग का? मला हे कळल्याशिवाय चैन पडेना. ती सुपारीवाली स्वारी बुटांच्या नाड्या बांधत होती, तिलाच विचारलं.

"तुम्ही का धावता?"

"मी गणराज. मुरुडला घरचं लॉज आहे, सहा खोल्यांचं. दिवसभर लोकांना चादरी देतो."

"हे उत्तर नाही."

"माहीत आहे." नाडीची गाठ त्याने दोनदा आवळली. "पाचव्या फेरीला सांगतो."

"गण्या, मग ती बिचारी जन्मभर बसंल!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे खो-खो हसले. तोही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

का हसले, ते मला अंबाजीकाकांनी सांगितलं. पहिली फेरी संपवून तेच आधी आले. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. "तीन वर्सं येतोय गण्या. चार फेऱ्या झाल्या की बसतो, तो उठतच न्हाय. नाव एकदा तरी पुकारलं जावं म्हणून तळमळतो बिचारा. पन पाचवी काय व्हईना."

"आणि तुम्ही का धावता काका?"

"तीस वर्सं या रस्त्यानं बसून गेलो." त्यांनी सुपारी टाकली. टण्ण. "आता उभ्यानं बघतोय."

पनवेलचा विपुल म्हणाला, "बाकीच्या रेसमध्ये मेडल भेटतं ना, इकडे फक्त टोमणे भेटतात. एकदम घरच्यासारखं वाटतं." अलिबागच्या क्रांतीताई नर्स. केळं सोलता सोलता म्हणाल्या, "घरी मी कुणाची तरी आई, दवाखान्यात सिस्टर. तटाच्या बाहेर वाळूत उतरले की दोन किलोमीटर मी कुणाचीच कोणी नसते." आणि धर्माजीकाका म्हणाले, "चौल केवढं थोरलं शहर व्हतं, म्हाईत हाय? तीनशे साठ देवळं, तीनशे साठ तळी. आता वाडीत उभं राहून काय दिसतंय? माडच माड. पन शहराला येढा मारला की पाय सांगतात, केवढं व्हतं ते."

चार माणसं, चार उत्तरं. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मीटरचं मात्र बरं होतं. दर तासाला तोच आकडा. पाणी गोडं.

गणराज पहिल्या फेरीत सातवा आला. सुपारी टाकली आणि पाणी पीत माझ्या मीटरकडे पाहत उभा राहिला.

"खारट आहे का?"

"तुमच्या शर्टापेक्षा कमी."

त्याने बाहीकडे पाहिलं. निळ्या कापडावर मिठाची पांढरी रेघ उमटली होती. "मोजलंत?"

"डोळ्यांना दिसतंय."

"म्हणजे बघत होतात."

मी मीटर पाण्यात बुडवला. मोजायची वेळ व्हायला अजून वीस मिनिटं होती.

दुसऱ्या फेरीला तो कोटातून दोन बकुळीची फुलं घेऊन आला. पडलेलीच होती, त्याने लगेच सांगितलं, तोडली नाहीत. मी म्हणाले, बकुळीचा हा हंगाम नाही. तो म्हणाला, "झाडाला सांगा." मी फुलं उलटसुलट करून पाहिली. बकुळीचीच होती.

तिसऱ्या फेरीपर्यंत ऊन चढलं होतं. रताळ्याला मीठ लावून मी त्याच्यासमोर धरलं.

"हे काय, समुद्रातलं?"

"पुडीतलं. खा. पायात गोळे येतील नाहीतर."

"तू कशी काय..." तो अडखळला. "म्हणजे तुम्ही..."

"तू चालेल."

"चालेल, की आवडेल?"

"आधी रताळं संपव."

त्याने संपवलं. जाताना मागे वळून पाहिलं नाही. मी मोजत होते... वळणावरच्या पिंपळापर्यंत त्याने एकदाही पाहिलं नाही. आणि पिंपळाशी पोहोचल्यावर थांबून, पूर्ण वळून, हात हलवला. कुत्रासुद्धा उठून उभा राहिला.

चौथ्या फेरीला तो चालत आला. सुपारी टाकली आणि माझ्या खालच्या पायरीवर बसला. बाकीचे त्याच्या पुढे पाचवीला निघून गेले होते. अंबाजीकाका जाताना माझ्याकडे पाहून फक्त मान हलवून गेले — बसला बघ.

"दुखतंय का कुठे?"

"नाही."

"मग?"

त्याने बूट काढून वाळू झटकली. बरीच होती. "पाय काही बोलत नाहीत गं. डोकं बोलतं. चौथी झाली की नेमकं हेच विचारतं, तू सकाळी विचारलंस ते. कशाला? कुणी बघत नाही, काही मिळत नाही, कशाला? तीन वर्षं मला उत्तर आलेलं नाही. म्हणून बसतो."

मला एकदम अपराध्यासारखं झालं. "मी विचारायलाच नको होतं."

"तू काय, ते दरवर्षी विचारतं." तो पाण्याकडे पाहत होता. "घरी आई म्हणते, असू दे, चार काय नि पाच काय. पण मला माहीत आहे ना. लॉजवर रोज नवी माणसं. नाव लिहितात, निघून जातात. माझं नाव कुणी विचारत नाही, दादा चादर द्या, दादा चहा द्या. एकदा... कुणीतरी मोठ्याने माझं नाव घेतलं असतं."

मी मीटर बाजूला ठेवला. मग जे खरं होतं तेच बोलले.

"मी दहा जणांना विचारलं. दहांची उत्तरं आली. अकरावं राहिलंय. आणि मी अर्धवट काही सोडत नाही."

"उत्तर नाहीच माझ्याकडे."

"मग 'नाही' असं येऊन सांग. पण पाचव्या फेरीला सांगतो म्हणाला होतास. चौथीचं मी धरणार नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. एक गाल दुमडायला लागला, मग थांबला. "चारला तुझं काम संपतं. मला यायला साडेपाच होतील. तुझी एसटी?"

"सव्वाचारची. रोह्यापर्यंत, पुढे माणगाव."

"मग?"

"तू बूट घाल," मी म्हणाले.

चार वाजता मी शेवटचा आकडा घेतला. पाणी गोडंच होतं. बाटल्या खोक्यात भरल्या, मीटर पुसून ठेवला. सव्वाचारला रस्त्याकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला, गिअर बदलल्याचा आवाज आला, आणि मग कोटाच्या दिशेने गेलेल्या वाटेवर काहीच ऐकू येईना.

एकेक जण परतत होते. टण्ण, टण्ण. प्रत्येकाचं नाव काका पायरीवरून पुकारत होते. "अंबाजी!" — आणि पलीकडच्या काठावरून तेच नाव परत येत होतं. विपुलने आपलं नाव ऐकून शिट्टी मारली. क्रांतीताईंनी डोळे पुसले आणि घाम आहे म्हणाल्या. दहा नावं झाली. मग सगळे तळ्याकाठच्या देवळामागे झाडाखाली जेवायला गेले. तिथून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

मी पिंपळाकडे पाहत बसले. माणूस दिसण्यासाठी टक लावून पाहिलं की प्रत्येक सावली माणूस होते. तीनदा फसले.

चौथ्यांदा फसले नाही.

तो धावत होता. हळू, वाकडा, एका बाजूला झुकलेला... पण धावत. पायरीशी आला आणि गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. भुवयांवर मीठ, पोटऱ्यांना वाळू, केसात माडाचं एक वाळकं पातं.

"आलास," मी म्हणाले. एमएस्सी झालेल्या मुलीला याहून बरं काही सुचायला हवं होतं.

"टेकडीवर... बसलो होतो," तो धापा टाकत म्हणाला. "परत डोकं म्हणालं, कशाला? आणि परत उत्तर नाही. मग म्हटलं, उत्तर नाही हे तरी... तिला जाऊन सांगायला पाहिजे. ती बसलीय." त्याने श्वास घेतला. "म्हणून उठलो."

"म्हणजे उत्तर मिळालं."

"मिळालं का?"

"मला तरी मिळालं."

तळ्यावर वारा आला, पाणी पायरीशी चुळचुळलं. मग त्याने खिशातून शेवटची सुपारी काढली. तपेली हाताच्या अंतरावर होती. त्याने हात लांब केला, आणि सुपारी माझ्या तळव्यावर ठेवली.

सकाळी थंड होती. आता गरम होती.

"हे काय?"

"तू टाकलीस तर काका माझं नाव पुकारतील."

"आणि नाही टाकली तर?"

"तर पुढच्या रविवारी मी माणगावला येईन. आईला घेऊन. धावत नाही, एसटीने."

"रविवारी तर तुमचं लॉज भरलेलं असतं."

"असू दे भरलेलं."

"गणराज, तीन वर्षं तू..." मी तपेलीकडे पाहिलं. "नाही टाकली तर ही फेरी झालीच नाही असं होईल. तपेलीत आहे तेवढंच खरं."

"तू पाहिलीस ना?" तो म्हणाला. "मग झाली." मग खाली बघत, अगदी हलक्या आवाजात, "घाई नाही. टाकलीस तरी राग नाही माझा. खरंच. नावाचा आनंद आहेच."

मी मूठ मिटली. देवळामागून पोपटी बूट येताना दिसले, त्यांच्यामागे हात पुसत बाकीचे.

"आला का आमचा गण्या!" काका लांबूनच ओरडले. "आज पंचावन्न भरल्या म्हणायच्या! तीन वर्सांत पयल्यांदा! काय पोरी, मोज बघू!"

सगळे पायऱ्यांवर कोंडाळं करून उभे राहिले. गणराज मागे, तळ्याकडे तोंड करून. काकांनी पुकारायला छाती भरून श्वास घेतला आणि धरून ठेवला.

मी एका हाताने तपेली पायरीवर उपडी केली. पाच-पाचचे ढीग लावले. मोजले. मग पुन्हा एकदा मोजले.

"चौपन्न," मी म्हणाले.