चौथ्या हौदाचे साठ दिवस

सोयाबीन. सरकीची पेंड. मक्याचं पीठ.

उधन्याच्या चाळीत योगराजच्या आईचा, पुष्पाबाईंचा आवाज — "योगराज, आधी आंघोय कर, मंग घरमा ये!"

चौथ्या हौदात साठ जिताडे मासे. तोंडं मिटलेली.

सकाळची खच्चून भरलेली सिटी बस... आणि तिच्यात एक रिकामी सीट.

त्या सीटवर हर्षदा बसली. शेजारच्या तरुणाच्या अंगाला सुक्या मासळीच्या भुकटीचा वास होता. लोक लटकत होते, पण तिथे बसत नव्हते.

"वास येत नाही तुम्हाला?" त्यानेच विचारलं.

"येतो ना. मी माशांचं खाद्य बनवते."

"मी त्यांना भरवतो..." तो हसला, आणि अंग चोरून खिडकीला चिकटला.

इच्छापोरला दोघं मत्स्यकेंद्राच्या एकाच फाटकातून आत गेली.

हर्षदाला केंद्राच्या साहेबांकडून साठ दिवस मिळाले होते. किनाऱ्यावरची बारकी मासळी दळून हौदातल्या माशांना घालतात, ते तिला थांबवायचं होतं. तिच्या गोळ्यांत फक्त धान्य आणि पेंड. जिताडा पक्का मांसाहारी; तो या गोळ्यांवर वाढला तर त्या गोळ्या मासे पाळणाऱ्यांपर्यंत जाणार, नाहीतर तिचं काम बंद. तीन हौदांना जुने कामगार धुडकूकाका नेहमीचं भुकटीचं खाद्य घालत. चौथा, तिच्या गोळ्यांचा, बसमधल्या त्या तरुणाकडे, योगराजकडे आला.

पहिल्या दिवशी माशांनी गोळ्या थुंकल्या. दुसऱ्या दिवशी खाल्ल्या. मग वाढतच गेले.

आणि बस रोजचीच.

"जागा धरलीय तुमची, मॅडम."

"धरली कुठे? इथे कोणी बसतच नाही."

"मग... माझ्या वासाचे उपकार माना."

ती हसायची. काचेवर पाऊस, आणि तिच्या ओढणीला लागलेली त्याची ओली बाही — दोघंही ती बाजूला घेत नसत.

अठ्ठावन्नावा दिवस. बस भरलेली, शेजारची सीट रिकामी. हर्षदा बसली आणि तिचं हसू विझलं. दोन महिने हा फक्त पेंडीच्या गोळ्या हाताळतोय. मग ही सीट अजून रिकामी कशी?

"योगराज... चौथ्या हौदात काय घालता?"

अडाजणचा थांबा गेला. पालचाही गेला.

"एक मूठ भुकटी. रोज, तुमच्या गोळ्यांवर. पहिल्या दिवशी तुम्ही काठावर बसून डोळे पुसत होतात... वाटलं, माशांनी खाल्लं नाही तर तुम्ही जाल."

माशांची वजनं उत्तम होती. कोणालाच कळलं नसतं. हर्षदाने मांडीवर वही उघडली आणि सगळ्या दिवसांच्या नोंदींवर एक आडवी रेघ मारली.

"साहेबांना माझं नाव सांगा. मला काढू देत."

"खरं ते सांगणार. पुन्हा साठ दिवस मागणार. देतील की नाही, ठाऊक नाही." तिने वही मिटली. "पण दिले, तर हौद तूच सांभाळायचा. भुकटीला हात न लावता. वास गेला की ही सीट कोणीही घेईल, योगराज... मग तुला ती खरंच धरावी लागेल."

त्याने मान खाली घालूनच होकार दिला.

साहेबांनी तीसच दिवस दिले.

दहाव्या सकाळी हर्षदा बसमध्ये चढली, तेव्हा एक बाई योगराजला विचारत होती, "भाई, आ सीट खाली छे?"

सीटवर त्याचा डबा होता. त्याने तो आणखी घट्ट दाबून धरला.

"ना बेन... कोई आवे छे."

भुकटीची पहिली मूठ टाकली, तेव्हा त्याला तिचं नाव माहीत नव्हतं.