आठ आणे दुखणं

रसवंतीवर बर्फाचा शेवटचा तुकडा उरला होता आणि त्यावर दोन हात एकदम पडले. एक माझा. दुसरा एका उंच, चष्मेवाल्या माणसाचा.

"माझ्या पेशंटला हवाय," तो म्हणाला.

"मायाही पेशंटच हाय. रस प्याले नाई आली मी."

अर्धा अर्धा करू म्हणाला. अकोल्याचं एप्रिलातलं ऊन, त्यात अर्ध्या बर्फाचं घरी पोचेस्तोवर पाणीच! मी तुकडा ओढणीत गुंडाळला आणि निघाले. तर हा मागे मागे... थेट वच्छलाआत्याच्या दारापर्यंत. वळून त्याची चांगली खरडपट्टी काढणार, तोच म्हणतो कसा, "हिवरखेडचे नत्थुजी इथंच उतरलेत ना? मी अद्वैत, फिजिओथेरपिस्ट. आत्या फोनवर म्हणाल्या, फ्रीज बंद पडलाय, म्हणून बर्फ..."

नत्थुजी माझेच बाबा. म्हणजे भांडलो ते एकाच खुब्यासाठी! मी मुकाट्यानं दार उघडलं.

बाबांच्या खुब्याचा सांधा बदलून पाच दिवस झाले होते. साधी गोळी वेळेवर, बर्फाचा शेक आणि रोज चालणं, असं मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं. जोराची गोळी फक्त दुखणं दहापैकी सातच्या वर गेलं तरच, कारण तिनं गुंगी येते, पोट साफ होत नाही आणि सवय लागते. वही माझ्याकडे. सकाळ-संध्याकाळ विचारायची, किती? बाबा म्हणायचे, आठ. मी आठ लिहायची, गोळी द्यायची आणि बाबा भिंतीकडे तोंड करून झोपायचे. चालणं राहिलं बाजूलाच. माय गेल्यापासून आम्ही दोघंच. हे आता उठतच नाहीत की काय, या धास्तीनं माझा जीव अर्धा झाला होता.

अद्वैतनं वही पाहिली, मग बाबांना पाय उचलायला लावला. त्यांनी सहज उचलला. त्यानं चष्मा पुसला. "काका, आठ म्हणजे नेमकं कसं दुखतं?"

"कसं म्हंजे? आठ आणे. अर्धं पीक. सोळा आणे म्हंजे भरलं शिवार. आठ आणे त चालून जाते."

सोळातले आठ म्हणजे दहातले पाचच! जन्मभर पिकाची आणेवारी सांगणारा माणूस दुखणंही आण्यांतच सांगणार ना! आणि मी, शेतकऱ्याची पोर, चार दिवस त्यांना नाहक गुंगीत ठेवत होते. मला रडूच फुटलं. अद्वैत रागावला नाही. त्यानं मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि खडूनं भिंतीवर सोळा रेघा ओढल्या. बाराच्या वर गेलं तरच जोराची गोळी.

ती पुन्हा लागलीच नाही. चालण्याआधी अर्धा तास साधी गोळी, चालून आल्यावर बर्फ. तिसऱ्या दिवशी बाबा वॉकर धरून अंगणात गेले आणि आत्याच्या कढीपत्त्याला नावं ठेवून आले.

अद्वैत रोज बडनेऱ्याहून गाडीनं यायचा. मी खोदून खोदून विचारायची. बर्फानं दुखणं काहून कमी होते? पाय उचलताना श्वास काहून सोडायचा? तो सांगायचा, आणि मग त्याचे प्रश्न. पिकातली डवरणी म्हणजे काय? पाऊस येणार हे बाबांना कसं कळतं? प्रश्न विचारण्याआधी तो चष्मा का पुसतो, एवढं मात्र मी कधी विचारलं नाही... ते बघायलाच आवडायचं.

बाबांचं दुखणं उतरत गेलं. सहा, चार, दोन. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण सोळा आणे नाही. दुखणं संपलं की याचं येणं संपणार!

एका सकाळी बाबा म्हणाले, "एक." पेन्सिल वहीवर थबकली. चार लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण एकदा चुकीच्या आकड्यानं बाप झोपवला होता मी. एकच लिहिलं.

अद्वैतनं ते वाचलं. "मग उद्यापासून माझं इथं काम नाही."

"नाई."

तो उठला नाही. चष्मा पुसत बसला. "आचल, तुम्हाला किती दुखेल?"

खोटं लिहिलं नव्हतं, मग खोटं बोलायचं तरी कशाला? "बारा," मी म्हटलं. "आणे."

"बाराला अजून जोराची गोळी नाही."

"नकोच मले. सवय लागते म्हणता ना तुमी."

"मला लागलीय," तो हळूच म्हणाला. "अकोल्यातले बाकी पेशंट मी दुपारी बघतो. सकाळची गाडी फक्त... तुमच्यासाठी पकडतो."

मी वर पाहिलंच नाही. खाटेवर डोळे मिटून पडलेले बाबा तेवढ्यात बोलले, "आचल, यंदा सोळा आणे दिसून राह्यलं वं पीक."

मी चहा ठेवायला आत पळाले.