मिडीयम वेव्हवरचं चौथं नाव

माझ्या शंभरातल्या नव्वद गोष्टी थापा असतात, हे पंचवटीत कुणीही सांगेल.

ही उरलेल्या दहातली आहे.

मी मल्हारी. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. भुताच्या गोष्टीला अमावास्या लागते म्हणतात. माझ्या नशिबी आला मागच्या मार्चमधला बुधवार. दुपारचे साडेतीन. बाहेर रणरणतं ऊन. ठिकाण एकलहरे, माझा दोस्त गोविंद याचं घर.

गोविंद थर्मलच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेला. बायको, सुधावहिनी, दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा विश्वेश पुण्यात. डावीकडच्या घराला कुलूप, उजवीकडच्या घरालाही कुलूप. दारावर येणारा माणूस म्हणजे दूधवाला, आणि तोही कडीला पिशवी अडकवून बेल न वाजवता जायचा.

विश्वेश न्यायला तयार होता. वडिलांसाठी खोली रंगवून ठेवली होती त्याने. गोविंदच हलत नव्हता.

कारण ऐका.

सुधावहिनींना रेडिओला फर्माइशीची कार्डं पाठवायचा भारी नाद. गाणं कुठलंही असो, खालची नावं ठरलेली. एकलहऱ्याहून गोविंद, सुधा आणि विश्वेश. नावं लागली की त्या दिवशी घरात शिरा व्हायचा. शेवटचं कार्ड त्यांनी दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी टाकलं. ते लागायच्या आत त्या गेल्या. आणि पाठोपाठ आम्ही ऐकायचो ते मिडीयम वेव्हचं केंद्रही बंद झालं. सगळं एफएमवर गेलं.

गोविंद मात्र रोज साडेतीनला जुना सेट लावायचा. काटा त्याच जागी.

नुसती खरखर...

"अरे बाबा, एफएम बसवून देतो. फुकट देतो," मी म्हणायचो.

"कार्ड मिडीयम वेव्हला टाकलंय, मल्ह्या. एफएमवाल्यांना कसं मिळेल?"

"आता कुणालाच मिळणार नाही ते!"

"तिचं नाव एकदा लागू दे. दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरतो."

आता तुम्हीच सांगा, असं कानावर पडल्यावर माझ्यासारखा उचापती माणूस गप्प बसेल?

रेडिओवाल्याकडे ऑसिलेटर नावाचं एक खोकं असतं. सेटचा काटा जुळवायला त्यातून मिडीयम वेव्ह सोडतात. फार नाही, दोन खोल्यांपुरती. मी त्याला मोबाइल जोडला. मोबाइलमध्ये माझाच आवाज, निवेदकासारखा घोटून घोटून भरलेला. नावं, आणि पुढे एक जुनं गाणं.

बुधवारी गोविंदला म्हटलं, "पोटात गुडगुडतंय रे, जरा आत पडतो."

"भजी कमी खात जा," तो म्हणाला.

मी आतल्या खोलीत. कडी लावली. पिशवीतून खोकं काढलं.

साडेतीन. बाहेर खरखर...

मी बटण दाबलं.

"एकलहऱ्याहून गोविंद, सुधा आणि विश्वेश..."

स्वतःच्याच कामगिरीवर खूश झालो मी! तेवढ्यात धक्का लागला आणि खोक्याची वायर निसटली. माझ्या हातातच आली. गाणं सुरूच झालं नाही.

झालं, पकडलो गेलो, असं वाटलं.

आता बाहेर परत खरखर यायला हवी होती.

आली नाही.

पंख्याचाही आवाज येईना. सगळं घर कान देऊन बसल्यासारखं...

मग बाहेरच्या सेटवर कुणीतरी श्वास घेतला.

"...आणि संपदा."

बाईचा आवाज. हळू. कानाशी तोंड नेऊन सांगावं तसा.

आणि खरखर परत सुरू झाली.

वायर माझ्या मुठीत होती.

मी बाहेर आलो. गोविंद खुर्चीत ताठ बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पहिली तीन नावं तू घेतलीस."

"मी? छे!"

"चाळीस वर्षं तुझा घसा ऐकतोय. चौथं कुणी घेतलं?"

मी खाली बसलो. "गोविंदा, संपदा कोण?"

त्याने सेटचा आवाज बारीक केला.

"विश्वेशच्या आधी मुलगी झाली होती आम्हाला. अकरा दिवस होती. बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं. पाळणा मागून आणला होता, घुगऱ्या भिजत घातल्या होत्या. नाव आम्ही दोघांनीच ठरवलेलं. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं."

"मग?"

"मग बारसं झालंच नाही. ते नाव पुन्हा कुणाच्या तोंडी आलं नाही. विश्वेशलाही ठाऊक नाही. सुधा कार्डावर तीन नावं लिहायची आणि पेन तसंच धरून बसायची. विचारायची, 'बारसं न झालेल्याचं नाव लिहितात का हो?'"

"तू काय म्हणायचास?"

"नको म्हणायचो."

मी म्हटलं, "आता वहिनींचं नाव लागलं ना? चल, पुण्याला जा."

"आता कसा जाऊ, मल्ह्या? पोरीला आज पहिल्यांदा कुणी नावाने पुकारलं. ओ द्यायला घरात कुणी नको?"

एप्रिलमध्ये विश्वेशचा फोन आला. "काका, तुम्ही त्या सेटमधलं मिडीयम वेव्ह काढूनच टाका. खरखर बंद झाली की बाबा निघतील." पोरगा रडकुंडीला आला होता. मी हो म्हटलं.

गेलो. सेटचं मागचं झाकण उघडलं. सेल काढून बाजूला ठेवले. मिडीयम वेव्ह पकडणाऱ्या कॉइलची बारीक तार चिमट्यात धरली आणि कटर लावला.

गोविंदने अडवलं नाही.

"काप," तो म्हणाला. "माझी हरकत नाही. फक्त आधी त्या दोघींना सांग."

मी तोंड उघडलं. विश्वेश वाट बघतोय, गोविंद इथे एकटा मरेल, हेच सांगायचं होतं. तेवढ्यात...

सेटच्या आत, अगदी जवळ, कुणीतरी श्वास रोखून धरला.

ऐकायला.

झाकण मी कसं लावलं ते मला आठवत नाही.

गोविंद अजून तिथेच आहे. एकटाच असतो, असं विश्वेश म्हणतो. दर बुधवारी मी डबा घेऊन जातो. साडेतीन वाजत आले की पाय मोकळे करायचं निमित्त सांगून अंगणात येतो. दोन्ही बाजूंना कुलपं. खिडकीतून खरखर ऐकू येत राहते...

मग ती थांबते.

आणि आतून गोविंदचा आवाज येतो.

"ओ..."