निळ्या तापावरचा उतारा

"विहिरीच्या पाण्याला कुणी तोंड लावू नका! अख्खं गाव तापानं फणफणलंय!"

देवळाली प्रवरातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात प्रज्ञा साळवे आधारकार्डाची प्रत काढायला उभी होती, तेव्हा वरच्या मजल्यावरून हा आवाज आला. दुकानदार ढिम्म. त्यानं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. प्रज्ञानं मात्र दचकून वर बघितलं. ती दूध संकलन केंद्रावर दूध तपासायच्या कामाला होती. पाणी म्हटलं की तिचे कान टवकारायचे. सकाळ-संध्याकाळ शंभर किटल्यांवर संशय घ्यायचा तिला पगार मिळायचा म्हणा ना! तिनं आधारकार्ड तिथंच टाकलं आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

"कुठली विहीर?" तिनं दारातूनच विचारलं.

आत तिघंजण एका टेबलाभोवती बसले होते. टेबलावर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला नकाशा, रंगीबेरंगी फासे आणि पेरूच्या फोडी. खिडकीजवळच्या मुलानं मान वळवली. उन्हानं रापलेला चेहरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, नखांत माती... आणि डोळ्यांत नुसता खट्याळपणा.

"तुमच्याच गावची," तो म्हणाला. "तलवार आणलीय का?"

असा हा प्रज्ञा आणि आदिनाथचा पहिला संवाद. कुणाला खरं वाटणार आहे?

तो खेळ होता. मच्छिंद्र हा घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारा पोरगा. दर रविवारी दुपारी तो गोष्ट सांगायचा आणि बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. काय करायचं ते आपण सांगायचं, जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगणार. गोष्ट अशी, की एका गावाला निळ्या तापानं ग्रासलंय आणि औषध आहे डोंगरावरच्या जखिणीच्या गुहेत. मच्छिंद्रची बहीण निकिता जादूगारीण झाली होती. ऊसरोपांची नर्सरी चालवणारा आदिनाथ झाला होता चोर, नाव भुंगा. योद्धा व्हायला कुणी नव्हतंच.

"मी पहिल्यांदाच खेळणार," प्रज्ञा म्हणाली.

"आम्ही कुठं मुरलेले आहोत?" निकितानं तिला खुर्चीवर बसवलंच. "गेल्या रविवारी आम्ही दोन तास एका बकरीशी लढलो."

मच्छिंद्रनं नियम सांगितले. इथं जे बोलाल ते तुमचं पात्र बोलतंय असं धरलं जाईल. स्वतःचं काही बोलायचं असेल, तर डोक्यावर हात ठेवून बोलायचं. आणि बाकीच्यांपासून लपवून काही करायचं असेल, तर चिठ्ठी लिहून गुपचूप मच्छिंद्रला द्यायची.

हा चिठ्ठ्यांचा नियम प्रज्ञाला पहिल्या दिवसापासूनच खटकला.

कारण चिठ्ठ्या लिहायचा तो एकटा आदिनाथ! तिची योद्धी वज्रा पुढं होऊन लांडग्यांशी लढायची, आणि हा मागं बसून कागदाचा चिटोरा खरडायचा. मच्छिंद्र चिठ्ठी वाचायचा, गालात हसायचा आणि खिशात घालायचा. प्रज्ञाचा जीव नुसता वरखाली व्हायचा.

"वज्रा, तू पुढं चाल. मी मागं राहतो."

"कशाला? खिसा कापायला?"

"तुझ्या खिशात संशयाशिवाय आहे काय?"

"त्याच संशयावर अजून जिवंत आहे मी. काय लिहिलंस त्या चिठ्ठीत?"

"गोड बातमी असती तर मोठ्यानं सांगितली असती..."

असं म्हणून तो फासा तिच्या तळहातावर ठेवायचा. टेबलावर नाही, तळहातावर. बोटं उगाच क्षणभर रेंगाळायची. ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून सरळ अंगावर यायचं, वारा फिरला की साखर कारखान्याच्या मळीचा वास यायचा, आणि प्रज्ञाचे कान तापायचे... ते उन्हानं, असं ती स्वतःला बजावायची.

तीन-चार रविवार गेले. मग खेळ संपल्यावर कालव्याच्या कडेनं दोघं चालत जाऊ लागले. मग मोबाईल. 'पोचलीस का?' एवढा मेसेज, पण ती तो तीनदा वाचायची आणि चौथ्यांदा त्यात काय भेसळ आहे ते शोधायची. काय करणार? दुधानं तोंड पोळलं होतं. नगरला कॉलेजात असताना एक जण दोन वर्षं तिच्यावर जीव टाकत होता, पण रस्त्यानं चालताना तिच्यामागं दहा पावलं. 'तुमची जात आमच्या घरात झेपायची नाही,' असं शेवटी मेसेजवर सांगून तो बोहल्यावर चढला. तेव्हापासून प्रज्ञानं मनाशी एक गाठ मारून ठेवली होती. एकटं राहू, पण कुणाचं लपवून ठेवलेलं माणूस पुन्हा व्हायचं नाही.

म्हणून एकदा कालव्यावर तिनं सरळ विचारलं, "तुझ्या घरी ठाऊक आहे का, तू कुणाबरोबर फिरतोस ते?"

"सांगणार आहे की..." आदिनाथ म्हणाला आणि पाण्यात खडे टाकत बसला.

त्या 'की'नंतरचं सगळं तिला ऐकू आलं. तिनं आणखी काही विचारलं नाही.

आणि मग बाजारच्या दिवशी व्हायचं ते झालं. मेथीच्या जुड्यांपलीकडं आदिनाथ उभा, हातात पिशव्या, शेजारी त्याची आई मालनबाई. त्यानं प्रज्ञाला बघितलं. नीट, डोळ्याला डोळा भिडवून बघितलं. ती हसणार, तेवढ्यात हा पठ्ठ्या वळला आणि भांड्यांच्या दुकानाशेजारच्या बोळात शिरला. मालनबाई बिचाऱ्या भाव करता करता एकट्याच राहिल्या.

प्रज्ञानं मेथी घेतली नाही. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडली. आईनं विचारलं तर म्हणाली, कांदा चिरत होते. घरात कांदा नव्हता त्या दिवशी.

रविवारी जायचंच नाही, असं तिनं ठरवलं होतं. गेली. गेली आणि ताठ बसली. त्यानं फासा पुढं केला, तर म्हणाली, "टेबलावर ठेव."

गोष्ट शेवटाला आली होती. तिघं गुहेत पोचले. जखिणीशी लढताना प्रज्ञाच्या फाशावर तीन पडले आणि वज्रालाच निळा ताप चढला. निकितानं जखिणीला दगड करून टाकलं. समोर कोनाड्यात एक छोटी कुपी. हेच औषध. अख्ख्या गावाचा आणि वज्राचा जीव त्या कुपीत.

"भुंगा पुढं होतो," आदिनाथ हळूच म्हणाला. "कुपी उचलतो... आणि तोंडाला लावतो."

"मी त्याला मारते," प्रज्ञा म्हणाली.

"अगं, विचार तरी त्याला!" निकिता ओरडली.

"काय विचारायचं? वेळ आली की हा पळणार, ठाऊक आहे मला. तलवार काढते. मारते."

तिनं फासा फेकला. वीस. वीसपैकी वीस! इतक्या रविवारांत कुणालाच पडले नव्हते.

मच्छिंद्रनं घसा खाकरला. "भुंगा मेला," तो म्हणाला. "कुपी कलंडली. पण निकिता, तुझ्या जादूनं सांडलेलं औषध गोळा झालं. गाव वाचलं, वज्रापण वाचली. चोर तेवढा गेला." मग त्यानं खिशातून चिठ्ठ्या काढल्या. "आता ह्या वाचायला हरकत नाही. पहिल्याच रविवारी मी भुंग्याला गुपचूप कळवलं होतं, की जखीण औषधाच्या जागी विषही ठेवते आणि दोन्ही दिसायला सारखीच असतात. ओळखायचं तर कुणीतरी आधी पिऊन बघावं लागतं. त्यावर ह्यानं हे लिहून दिलं." त्यानं एक चिटोरा पुढं सरकवला.

अक्षर मातीच्या बोटांनी लिहिल्यासारखं वाकडंतिकडं. 'आधी मी पिणार. वज्राला सांगू नको. ती मला पिऊ देणार न्हाई.'

प्रज्ञानं तो चिटोरा दोनदा वाचला. चोराला तिनं मारलंच नव्हतं मुळी. तिनं मारलं होतं बोळात शिरणाऱ्याला. बाजारातला राग खेळात काढला होता, आणि हे फक्त तिला ठाऊक होतं.

नाही, त्यालाही ठाऊक होतं. तो मान खाली घालून बसला होता.

"आम्ही जरा चहा सांगून येतो," निकिता म्हणाली आणि भावाला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली.

"हात डोक्यावर ठेव," प्रज्ञा म्हणाली.

आदिनाथनं हात डोक्यावर ठेवला.

"बाजारात मला बघून बोळात का शिरलास?"

"आई बरोबर होती."

"ते मला दिसलं. का शिरलास?"

हात तसाच डोक्यावर ठेवून तो म्हणाला, "घाबरलो. आई विचारणार, कोण गं तू? मग नाव, मग आडनाव... पुढचं सगळं घर डोळ्यांपुढं आलं आणि पाय वळले. तुझी लाज न्हाई वाटली, प्रज्ञा. पण त्या दिवसापासून माझीच मला वाटतीय. खेळात मरायला काय जातंय? तिथं मी लई शूर."

प्रज्ञा थापेची वाट बघत होती. 'दिसलीच नाहीस', 'फोन आला होता', असलं काहीतरी. दुधात पाण्याचा थेंब नाही म्हणून देवाची शपथ घेणारे तिला रोज भेटायचे. 'घातलं बाई पाणी' म्हणणारा हा आयुष्यातला पहिलाच. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी तो इतका आवडला की तिचं तिलाच कळेना काय करावं.

"खरं बोललास, बरं केलंस," ती म्हणाली. "पण मला लपून राहायचं नाही, आदिनाथ. एकदा राहिले. आता जमायचं नाही."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडून मालनबाईंचा खणखणीत आवाज प्रज्ञालाही ऐकू आला. "नेवाशाची गाडी कवाच आली. कुठं हायेस? उन्हात वाळवन झालं माझं!"

"आलो," तो म्हणाला. फोन खिशात घातला आणि उभा राहिला. "चल."

"कुठं?"

"स्टँडवर. आईला आणायला."

"आता ह्या क्षणी हा कुठला डाव?"

"डाव न्हाई. उद्यावर टाकलं तर परत पाय वळतील माझे. चल..."

ती गेली. पण विश्वास ठेवून गेली असं समजू नका. मोटारसायकलवर मागं बसून ती रस्ताभर हिशेब मांडत होती. वाटेत पेट्रोल संपलं म्हणेल. कोपऱ्यावर उतरवेल, 'तू जरा थांब, मी आधी बोलतो' म्हणेल. नाहीतर आईला सांगेल, ह्या दूध केंद्रातल्या मॅडम, रस्त्यात भेटल्या. तसं म्हणाला तर सरळ उतरायचं आणि मागं वळून बघायचं नाही. तिनं पर्स घट्ट धरून ठेवली होती.

स्टँडवर मालनबाई पिशवीवर बसून पदरानं वारा घेत होत्या. गाडीवर दोघं दिसल्यावर त्यांचा पदर थांबला.

"ही कोन रे?"

आदिनाथनं गाडी बाजूला लावली. प्रज्ञानं पर्स आणखी घट्ट धरली. झालं, आता मॅडम म्हणणार...

"आई, ही प्रज्ञा. प्रज्ञा साळवे. मला हिच्याशी लग्न करायचंय."

"साळवे म्हंजी..."

"बौद्ध," प्रज्ञाच म्हणाली. आवाज कापत होता, पण म्हणाली.

मालनबाईंनी तिच्याकडं डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग लेकाकडं. "हीच हुती न्हवं मेथीपाशी? म्हंजी बाजारात हिला बघून पळालास व्हय? मला वाटलं, कुनाची उधारी हाय का काय! मेथीचा भाव करता करता लेक गायब." त्या उठल्या. "आरं, जिला बघून पळतोस तिच्याशी लगीन करनार? चुलते हायेत, भावकी हाय. उद्या समदे बोलत्याल. तवा कुठल्या बोळात शिरनार?"

"न्हाई शिरणार."

"मी काय लगेच व्हय म्हनत न्हाई. घरी जाऊन तुझ्या बापाशी बोलावं लागंल. मलाबी झोप लागायची न्हाई आज." प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं त्यांना दिसलं असावं. "पर काय रं, हिला इचारलंस का? ही तयार हाय का?"

आदिनाथ चाचरला. "तिला... तिला अजून..."

"इचारलंच न्हाई!" मालनबाईंनी कपाळावर हात मारला. "बापावर गेलाय. त्यानंबी आधी माझ्या भावाला इचारलं हुतं. इचार आता. मी तिकडं बघते."

आणि त्या खरंच पाठ फिरवून गाड्यांच्या वेळापत्रकाच्या फळ्याकडं बघत उभ्या राहिल्या. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं.

"प्रज्ञा," तो म्हणाला, "मी भित्रा आहे, ते तू बघितलंसच. सगळं कळल्यावर... तरी करशील का लग्न माझ्याशी?"

"आई ऐकतायत."

"ऐकू दे."

शेजारी संगमनेरची गाडी धडधडत होती, कंडक्टर घंटी ओढत होता, भेळवाला ओरडत होता. प्रज्ञानं त्याच्या चेहऱ्यात कुठं पाणी दिसतं का ते एकदा बघितलं. मग बघायचं सोडून दिलं.

"हो," ती पुटपुटली.

"मोठ्यानं म्हन गं," फळ्याकडं तोंड करूनच मालनबाई म्हणाल्या. "गाडीच्या आवाजात कळलं न्हाई."

"हो!" प्रज्ञा ओरडली, आणि अख्ख्या स्टँडनं वळून त्यांच्याकडं बघितलं.