व्हायरस घरी काढू नये

कामशेतच्या बाजारात कौमुदीच्या चपलेचा अंगठा तुटला आणि ती नेमकी सत्यमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानासमोर अडली.

"चपला पलीकडं शिवत्यात," तो आतून म्हणाला.

"माझा लॅपटॉपपण बिघडलाय... आपोआप जाहिराती उघडतात."

"व्हायरस हाय. घेऊन या उद्या."

तो हसला, आणि लोणावळ्याच्या शाळेतली ही शहाणीसुरती बाई तुटकी चप्पल हातात घेऊन तशीच उभी राहिली.

मग पावसाळाभर आणि पुढं थंडीतही त्या लॅपटॉपला काही ना काही होतच राहिलं. एकदोनदा तर तिनंच मुद्दाम नको त्या लिंकवर बोट ठेवलं. बाहेर पवनानगरच्या जीपा चिखल उडवत जायच्या, आत त्याचं मनगट तिच्या बोटांना चुकून लागायचं — चुकून म्हणायचं आपलं!

"मला शिकवा ना काढायला. किती हेलपाटे घालू?"

"घरी करायचं काम न्हाई ते. भलतंच काय उडवलं, तर सगळ्या फायली जातील."

"खरंच? की मी यावं म्हणून?"

"...दोनी."

आज मात्र ती बातमी घेऊन आली होती. "माझं लग्न ठरलं. नाशिकला."

तो 'नको' म्हणेल, एवढ्याच आशेवर ती आली होती.

सत्यमनं खुर्ची पुढं ओढली. "बसा. शिकवतो."

"शिकवू नका ना..."

"तितं कोण बघणार? आदी फायलींची कॉपी घ्या. मग स्कॅन. कायबी उडवायच्या आदी नाव वाचा."

डोळे भरून आल्यामुळं तिला नावं दिसेनात. तरी तिनं सगळं बरोबर केलं. एकही धोका नाही, असं स्क्रीननं सांगितलं.

"झ्याक जमलं," तो म्हणाला. इतकं दुष्ट कौतुक तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"एकदा तरी बाबांकडे यायचं होतंत!"

"गेलतो." त्याची मान खाली. "दिवाळीनंतर, इस्त्रीचा शर्ट घालून. तुमी शाळेत. बाबा म्हणले, कॉम्प्युटरवाले ना? बरं झालं आलात, प्रिंटर चालत न्हाई... दुरुस्त केला. चहा पिला. मग तोंडच उघडंना."

"आत्ता चला. अजून मोडता येईल."

"न्हाई. त्यांच्या लेखी मी कोण, ते कळलं मला."

त्यानं लॅपटॉप पिशवीत घालून तिच्या हातात दिला. काल बाबांनी लग्नपत्रिकेचा नमुना त्याच प्रिंटरवर काढला होता आणि छपाई सुरेख आली म्हणून घरभर दाखवला होता. तेवढं मात्र ती त्याला सांगू शकली नाही.