पाचवं पान

कडाव गावात तांदळाचे पापड लाटायचे ते चैत्रात, ऊन चढायच्या आत. विमलबाईंच्या स्लॅबवर त्या सकाळी चौघी लाटायला बसल्या होत्या आणि विमलबाई खुर्चीवर बसून चुका काढत होत्या. चौघी म्हणजे नातसून नम्रता, शेजारची सोनुबाई, तिची लेक अक्षदा आणि वरच्या वाडीतून कामाला येणारी चिंधी.

"सोनुबाई, पापड लाटतंस का घोंगडी?"

"तुमी बोला काकी. बोलायला पीठ मळाया लागत नाय."

पण पीठच आज धड नव्हतं. उकडीला पाणी विमलबाईंनी स्वतः मोजून घातलं होतं, तरी गोळा हातात भुगा होत होता. पाण्याचा हात लावावा, तर पाणी आत जिरायचं आणि गोळा पुन्हा कोरडा. तीन तांबे संपले.

"तांदूळ जुना असंल," विमलबाई म्हणाल्या. तांदूळ यंदाचा होता, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

नऊच्या सुमाराला अक्षदानं कठड्यावरची वाटी उचलली. मळायच्या आधी साखरपुड्याची अंगठी काढून तिनं त्यात ठेवली होती. वाटी रिकामी होती. चटया झटकल्या, कोपरे झाडले. मग सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी गेली.

चिंधीनं लाटणं खाली ठेवलं. "माजा पदर झटका."

"पदर कशाला गं, तांदूळ हायत की," सोनुबाई म्हणाली. "काकी, द्या चावायला."

विमलबाईंची शाळा दुसरीत सुटली, पण बायांची भांडणं मिटायची ती त्यांच्याच ओटीवर. चोरी झाली की ज्या ज्या हजर होत्या त्यांना चिमूटभर कोरडे तांदूळ द्यायचे, चावायला लावायचे आणि पानावर थुंकायला सांगायचं. जिचे सुके पडले ती चोर. खोट्याच्या तोंडाला पाणी सुटत नाय, हा त्यांचा कायदा. त्यावर अपील नव्हतं.

"आजी, तोंड भीतीनं सुकतं," नम्रता म्हणाली. ती खोपोलीला एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती. "निगरगट्ट चोराचं ओलंच राहील. यातून चोर कसा कळणार?"

"ज्यानं काय केलं नाय, त्यानं भ्यावं कशाला?"

"तुम्ही समोर बसलेल्या असता म्हणून."

विमलबाईंना ते बोलणं लागलं, कारण हे त्यांनी आधी एकदा ऐकलं होतं.

तीस वर्षांपूर्वी, श्रावणात. पातोळ्या थापताना त्यांनी हातातली सोन्याची पाटली काढून ठेवली आणि ती गेली. कामाला कोंडी नावाची पोर होती. हाताशी हळदीची पानं होती, त्यातलंच एक पुढं केलं. त्यावर कोंडीचे तांदूळ पडले ते कोरडे, अर्धवट तुटलेले. "तुमाला भ्यायले, वयनी," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तिला कुणी दारात उभं केलं नाही. ती कुठं गेली तेही कुणाला कळलं नाही. दिवाळीत पाटली घरच्याच भाताच्या कणगीत सापडली. विमलबाईंनी गावाला सांगितलं, कोंडीच्या बापानं गुपचूप आणून टाकली. त्या दिवसापासून त्यांच्या तांदळावर कुणी शंका घेतली नव्हती.

त्यांनी केळीच्या पानाचे चार तुकडे केले आणि एकेकीपुढं ठेवले. चौघी चावू लागल्या.

"थुंका."

नम्रताचे ओले. सोनुबाईचे, अक्षदाचे ओले. चिंधीचेही ओलेच.

चिंधीच्या पलीकडं आणखी एक पान होतं.

ते केळीचं नव्हतं. हळदीचं होतं, लांबट, कोवळं, अंगावर पाण्याचे थेंब असलेलं. चैत्रात हळदीला पान नसतं. त्यावर तांदूळ होते, कोरडे, अर्धवट तुटलेले.

"कुणाची मस्करी गं ही?"

विमलबाईंनी पान चुरगाळून कठड्यापलीकडं फेकलं. हाताला वास राहिला.

"परत चावा."

नवे चार तुकडे त्यांनी बोटानं मोजून ठेवले. चौघींनी चावले, थुंकले.

पानं पाच होती.

"सुकं तेच हाय, काकी," सोनुबाई हळूच म्हणाली. "चिंधीच्या बाजूला हाय. तिचंच धरायचं का?"

चिंधी विमलबाईंकडं बघत होती. त्यांनी हो म्हटलं असतं, तर गावानं मानलं असतं.

त्यांनी आवंढा गिळायला बघितला. गिळायला तोंडात काही नव्हतं. जीभ टाळ्याला चिकटली होती. कोंडीचं नाव ओठापर्यंत आलं.

"माजं हाय," त्या म्हणाल्या. "ते पान माजं."

सोनुबाईनं डोळ्यांना पदर लावला. "बगितलंस अक्षदा? गरिबाच्या पोरीवर आळ नको, म्हनून सोताच्या अंगावर घेतलं. पाया पड."

अक्षदा पाया पडली. चिंधीही पडली. कोंडीचं खरं तेव्हाच सांगता आलं असतं. विमलबाई ताठ बसल्या आणि त्यांनी पाया पडू दिलं.

दुपारी अंगठी पिठाच्या गोळ्यातच निघाली, तीही चिंधीच्या हाताला. वाटी कलंडली असणार, असं म्हणून सगळ्या हसल्या. पानाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. संध्याकाळपर्यंत विमलबाईंच्या मोठ्या मनाची गोष्ट आळीभर झाली.

दिवेलागणीला नम्रतानं ताटं केली. विमलबाई तोवर सहा तांबे पाणी प्यायल्या होत्या.

"आजी, भाताला हळदीच्या पानाचा वास येतोय. तुम्ही घातलंत का?"

आमटी कालवलेला पहिला घास विमलबाईंच्या तोंडात होता. त्या बराच वेळ चावत राहिल्या. मग त्यांनी तो तळहातावर काढला.

तांदूळ कोरडे होते. कच्चे, अर्धवट तुटलेले.